कापसाविना गादी

पंचफुला बसून झोपायची. भिंतीला पाठ लावायची, गुडघे पोटाशी घ्यायची आणि मान जिकडे कलेल तिकडे कलू द्यायची. पांढरकवड्याच्या आमच्या वस्तीत हे सगळ्यांना माहीत होतं. ती आडवी झाली की तिला खोकला यायचा, आणि खोकला असा की शेजारणीच्या फळीवरची भांडी वाजावीत.

खोकला कापसाचा होता. लग्न होऊन आली तेव्हापासून ती सरकीपासून कापूस वेगळा करायच्या एका जिनिंगमध्ये कामाला जायची. दिवाळी सरली की जिनिंग सुरू व्हायचं आणि उन्हं तापेपर्यंत चालायचं. तेवढे महिने ती रुईच्या धुळीत उभी असायची. नाकातोंडावर पदर बांधायची, पण संध्याकाळी तो झटकला की त्यातून पांढरा धूर निघायचा. आधी नुसती सर्दी वाटली, मग छातीत घरघर सुरू झाली. पुढं पुढं तर घरातल्या गोधडीवर डोकं टेकलं तरी श्वास अडकायला लागला, कारण गोधडीतही कापूस, उशीतही कापूस. नुसत्या बाजेवर झोपून पाहिलं, तर सुंभ अंगात रुतायचा. बाई अंगानं अगदी काटकुळी. भुईवर चटई टाकली तर हाडं दुखायची. शेवटी तिनं भिंत धरली.

तिचा नवरा गोविंदा बाजाराच्या तोंडाशी सायकलचे पंक्चर काढायचा. छप्पन साली दोघं नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले होते. गोविंदा शांत माणूस. पंचफुला मात्र एखादी गोष्ट मनात घेतली की तिच्या मागं हात धुऊन लागणारी. घरात तिसरं माणूस म्हणजे सासू, तुळसाबाई. तोंडाची तिखट, पण सून खोकायला लागली की पाण्याचा गडवा घेऊन सगळ्यांच्या आधी तीच उठायची.

त्रेसष्ट सालच्या वैशाखात खोकला फारच वाढला तेव्हा गोविंदानं तिला यवतमाळच्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं. एसटीच्या गर्दीत ती गुदमरली असती. म्हणून त्यानं पूनमसिंगला विचारलं. पूनमसिंग जवळच्या तांड्यावरचा बंजारा, ट्रक चालवायचा, आणि गोविंदाच्या दुकानावर त्याची रोजची बैठक. त्याच्या ट्रकमध्ये तुरीची पोती होती. गोविंदा पोत्यांवर चढला आणि पंचफुलेला केबिनमधल्या लांब सीटवर एकटीला जागा दिली.

गाव मागं पडलं. पंचफुला आधी दाराला टेकून बसली होती. रस्ता खड्ड्यांचा, ट्रक हेलकावे खात होता, आणि त्या हेलकाव्यात ती कधी सीटवर कलंडली ते तिलाही कळलं नाही. पूनमसिंगनं वाटेतल्या जोडमोह्याच्या अलीकडं बाजूला पाहिलं तर ही पाय पोटाशी घेऊन चक्क आडवी. तो घाबरला. त्याला वाटलं, बाईला काही झालं. त्यानं ट्रक थांबवून गोविंदाला हाक मारली. गोविंदा पोत्यांवरून उतरून धावत आला आणि खिडकीतून पाहू लागला. पंचफुलेचा श्वास सरळ चालला होता. घरघर नाही, काही नाही.

"झोपली हाय," गोविंदा हलक्या आवाजात म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरून वाटत होतं, त्याचा त्यालाच विश्वास बसत नसावा.

यवतमाळ आलं तेव्हा तिला उठवावं लागलं. ती उठून बसली, इकडंतिकडं पाहिलं आणि एकदम म्हणाली, "मी आडवी होती काय?"

"आडवी? भाभी, तुम्ही तं घोरून राह्यलत्या!" पूनमसिंग हसत म्हणाला.

पंचफुला ट्रकमधून उतरेचना. तिनं सीटवर मूठ दाबली. मूठ आत गेली आणि काढली तसा खड्डा भरून आला. पुन्हा दाबली, पुन्हा भरून आला. सीटच्या कोपऱ्यात रेक्झिन थोडं उसवलं होतं, तिथून तिनं बोट आत घातलं. आत काहीतरी मऊ, गार, पिवळट होतं.

"हे काय हाय, भाऊ? यात कापूस नाही?"

"कापूस कायचा? रबर हाय थे. दक्षिणेकडं गेलतो तवा तिकडच्या एका डायवरनं सांगतलं. झाडाचा चीक काढतेत, लोण्यावानी फेटतेत, अन् साच्यात टाकून शिजवतेत. शेठनं ही सीट नवीन बसवली. डनलप म्हणतेत लोकं."

"झाडाचा चीक," पंचफुला म्हणाली.

दवाखान्यात डॉक्टरांनी छाती तपासली, औषध दिलं आणि सांगितलं, "बाई, जिनिंगचं काम सोडा. कापसापासून लांब राहा." घरी आल्यावर तुळसाबाईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "यवतमाळ जिल्ह्यात? मंग हिनं काय आभायात राहावं?" पण पंचफुलेचं लक्ष नव्हतंच. ती दारात बसून गोविंदाला सांगत होती, "ऐकता काय? मले तशी गादी पाह्यजे. नुसत्या रबराची."

गोविंदानं चौकशी केली. असल्या तयार गाद्या नागपूरला मोठ्या दुकानात मिळतात, बंगल्यांतून असतात, एवढं कळलं. किंमत ऐकून तो पुढं काही विचारायच्या भानगडीत पडला नाही. घरी येऊन म्हणाला, "आपल्या हातचं नाही थे."

"तयार नाही घ्याची," पंचफुला म्हणाली. "आपण बनवू. तुमी रबर चिकटवता ना रोज? ट्यूबले ठिगळ लावता. मंग रबराले रबर काहून नाही लागनार?"

गोविंदा तिच्याकडं पाहतच राहिला. मग तोही पेटला.

पहिल्यांदा त्यांनी चूक केली. हायवेच्या कडेला मोडीत निघालेल्या ट्रकच्या सीटा पडल्या होत्या. कुणी विचारणारं नव्हतं. गोविंदानं त्यातलं रबर ओरबाडून सायकलवर लादून आणलं. कुठला तुकडा जाड, कुठला पातळ, कुठल्याला ऑइलचा वास. पंक्चरचं सुलेशन लावून दोघांनी तुकड्याला तुकडा जोडला आणि वरून जुन्या लुगड्याची खोळ घातली. धुतलेल्या कापडाचा तिला त्रास नव्हता. त्रास होता तो आत कोंडलेल्या पिंजलेल्या कापसाचा. पंचफुला हरखून त्यावर आडवी झाली आणि लगेच उठून बसली. कमरेखाली दगडासारखं, खांद्याखाली खड्डा. त्यात मे महिन्याचं ऊन. ऑइल प्यायलेलं रबर पाघळून चिकट झालं आणि उन्हात वाळलेलं होतं त्याचा भुगा व्हायला लागला. आठवड्याभरात खोळ झटकली की पिवळी पूड पडायची.

"कापूस गेला, आता पीठ आलं," तुळसाबाई म्हणाली.

गोविंदा हिरमुसला. पंचफुला मात्र ती पूड हातात घेऊन चोळत बसली होती. कुठला तुकडा टिकला, कुठला गेला, ते एकेक उचलून पाहत होती. मोडक्या सीटवर रेक्झिनखाली झाकलेला होता तो तुकडा अजून ताजा होता. उघडा पडलेला मेला होता. "रबराले ऊन अन् तेल सोसत नाही," ती म्हणाली. "आपण मेलेलं उचलून आणलं. जितं पाह्यजे."

जितं रबर नबीमिस्त्रीकडं होतं. हायवेला लागून त्याचं सीटा बांधायचं दुकान, वर पत्रे, समोर नेहमी दोन-चार ट्रक उभे. पंचफुला स्वतः तिथं गेली. बाईमाणूस सीटांच्या दुकानात आलेलं पाहून नबीमिस्त्रीनं आधी विचारलं, "किसकी गाडी है?"

"गाडी नाही. गादी कराची हाय," तिनं सांगितलं आणि सगळी हकीकत ऐकवली.

नबीमिस्त्रीला गंमत वाटली. पण म्हणाला, "बाई, पूरी गादी का माल म्हणजे बहुत होते."

"मले शिवता येते," पंचफुला म्हणाली. "तुमच्या खोळी शिवून देतो. त्याच्या बदल्यात माल द्या. जिनिंग तं सुटलंच हाय."

दुकानात खोळी शिवणारा माणूस नुकताच काम सोडून गेला होता. रेक्झिनचे ढिगारे तसेच पडून होते. नबीमिस्त्रीनं एक सीट पुढं टाकली, दाभण दिलं. पंचफुलेनं कोपरा असा शिवला की टाका दिसेना. त्यानं दोनदा उलटून पाहिला आणि मान हलवली. सौदा ठरला.

पुढचा सगळा पावसाळा ती दुकानात बसली. सुई चालायची आणि डोळे मालावर असायचे. तिथं तिला कळलं की रबर रबरात फरक असतो. एक चादरीसारखं पातळ आणि घट्ट, दाबलं तर हाताला विरोध करणारं. एक जाड आणि भरीव. आणि एक असं की वरून गुळगुळीत आणि उलटं केलं की मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकंच भोकं. ते भोकांचं तिला फार आवडलं.

"वो सस्ता है," नबीमिस्त्री म्हणाला. "भोकं म्हणजे माल कम. पण गाडीवाले भरीवच मागतेत."

"भोकातून हवा खेळल," पंचफुला म्हणाली. "आपल्या उन्हाळ्यात हेच बरं. अन् सस्तंही." घरी येऊन तिनं हे गोविंदाला सांगितलं तेव्हा तिचे डोळे लकाकत होते. जणू सोनं स्वस्त झाल्याची बातमी आणली होती.

नबीमिस्त्रीचा सल्ला होता की एकच जाड, मऊ थर घ्यावा आणि मोकळं व्हावं. त्यानं तसा एक मोठा तुकडा काढून दाखवला. हातानं दाबला तर लोण्यासारखा. त्या दिवशी सोबत आलेला गोविंदा म्हणाला, "हाच घेऊ." पंचफुलेनं तो तुकडा उचलला, दुकानापुढच्या मोकळ्या जागेत भुईवर टाकला, पदर डोक्यावरून तोंडावर ओढला आणि भर दुपारी, भर हायवेवर, त्याच्यावर आडवी झाली.

ट्रकवाले चहा प्यायचे थांबले. एक सायकलवाला पाहता पाहता नालीत गेला. गोविंदा लाजेनं लाल झाला. "अवं, काय करून राह्यली तू? ऊठ!"

"थांबा ना," पदराआडून आवाज आला. ती कुशीवर वळली, मग दुसऱ्या कुशीवर, मग पाठीवर. उठली आणि कमरेखालच्या हाडावर हात ठेवून म्हणाली, "हाताले मऊ लागते, पण माया खुबा थेट भुईले टेकला. हातानं नाही कयत हे, मिस्त्री. अंगानंच कयते."

नबीमिस्त्री हसत सुटला. मग त्यानं स्वतः झोपून पाहिलं. त्याचं अंग भारी, तो तर पारच भुईला लागला. "खरी बात हाय," तो म्हणाला आणि झटकून उठला. "खाली कडक पाहिजे, वर नरम."

पण कडक किती आणि नरम कुठं? भोकांचा माल मऊ, पण सस्ता झाला तरी नवाच, तो सगळीकडं घालणं परवडणारं नव्हतं. हा प्रश्न पंचफुलेनं घरी सोडवला. शेजारी कुणाच्या तरी घराच्या कामासाठी नदीची वाळू आणून टाकली होती. तिनं ती थोडी अंगणात पसरली, फळीनं सारखी केली आणि तिच्यावर अलगद कुशीवर झोपून अलगदच उठली. वाळूत तिचं अंग उमटलं होतं. खांद्याचा खड्डा खोल, खुब्याचा त्याहून खोल. कमरेपाशी वाळू जेमतेम दबलेली. पोटऱ्यांखाली तर नुसती खूण.

"या, पाहा!" तिनं हाक मारली. गोविंदा आला, तुळसाबाई आली. पंचफुला वाळूत बोट घालून दाखवत होती. "इथं नरम पाह्यजे. इथं अन् इथं. पायाकडं कायले पाह्यजे? पायाले जुनंच चालते!"

तुळसाबाईनं खड्ड्यांकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं. म्हणाली, "सरक. मी झोपून पाह्यतो." आणि म्हातारी खरंच वाळूत आडवी झाली. त्या दिवशी आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका त्या वाळूत लोळल्या. कोणाचा खुबा किती खोल यावरून हसून हसून मुरकुंड्या वळल्या.

मग माल निवडणं सोपं झालं. तळाला जुन्या बसच्या सीटांचं कडक रबर. पण आता पंचफुला एकेक तुकडा पारखून घेत होती. कोपरा दुमडून पाहायची. तडा गेला तर बाजूला. नखानं खरवडायची, पूड निघाली तर बाजूला. ऑइलचा वास आला तर हातही लावायची नाही. वर खांदा आणि खुब्याच्या जागी भोकांचा नवा माल, तो नबीमिस्त्रीच्या हिशोबात पूनमसिंगनं नागपूरहून येताना आणला. पायाकडं सीटा कापून उरलेल्या पट्ट्या. शेजारी शेजारी जोडल्या तर त्याही सरळ बसत होत्या. नबीमिस्त्री त्या फेकूनच द्यायचा.

चिकटवायच्या दिवशी गोविंदानं दुकान बंद ठेवलं. अंगणात ताडपत्री अंथरली. सुलेशन दोन्ही बाजूंना पातळ लावायचं, बोटाला ओढ लागेपर्यंत थांबायचं आणि मगच थर थरावर टेकवायचा, हे त्याचं रोजचं काम. पण एवढं मोठं पंक्चर त्यानं जन्मात काढलं नव्हतं. एकदा टेकलं की हलवता येत नाही. एका टोकाला गोविंदा, दुसऱ्या टोकाला पूनमसिंग, मध्ये पंचफुला आणि तुळसाबाई, आणि सगळे एकमेकांवर ओरडत. "वर घ्या!" "डावीकडं!" "तुयं डावीकडं का मायं?" थर बसला. किंचित तिरका, पण बसला.

गादी वारा लागायला सावलीत ठेवली, वास उडाला, खोळ चढली. पंचफुलेनं ती घरात नेऊन अंथरली, पण तिच्यावर झोपायला तिचा जीवच होईना. ती शेजारी बसून नुसती हात फिरवत होती.

"झोप ना वं माय," तुळसाबाई म्हणाली. "सारं गाव दारात उभं हाय."

ती आडवी झाली. आम्ही सगळे खोकल्याची वाट पाहत उभे होतो. ती छपराकडं पाहत राहिली, मग कुशीवर वळली, गालाखाली हात घेतला. खोकला आला नाही. दिवसाउजेडी, एवढ्या माणसांसमोर, तिचे डोळे मिटायला लागले. तुळसाबाईनं आम्हाला हातानं बाहेर हाकललं. दार लोटून घेतलं आणि स्वतः उंबऱ्यात पहाऱ्याला बसली. कोणी मोठ्यानं बोललं की त्याच्याकडं असं पाहायची की तो गप्प.

खोकला मुळातून गेला असं नाही. थंडीत तो पुन्हा यायचा, कापसाचे दिवस आले की घरघर सुरू व्हायची. पण ती आडवी झोपायला लागली, अंगावर मांस धरलं आणि चेहरा असा बदलला की माहेरची माणसं पहिल्यांदा ओळखीनात. नबीमिस्त्रीकडचं काम तिनं सोडलं नाही. आणि गादीची गोष्ट ट्रकवाल्यांच्या तोंडून रस्त्यानं पसरत गेली.

केळापूरचे रामराव शेतकरी. घरचे बैल, कापसाची मोठी शेती. गाडीवरून पडून त्यांची पाठ धरली होती. त्यांना पूनमसिंगकडून कळलं. एका सकाळी त्यांची बैलगाडी आमच्या वस्तीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. असा वरच्या जातीचा माणूस आमच्या वस्तीत आत येत नसे. ते रस्त्यावरूनच ओरडले, "गोविंदा! थे गादी बाहीर आण. पाह्यतो कशी हाय."

गोविंदा उठायला लागला. पंचफुलेनं त्याला थांबवलं आणि दारात येऊन म्हणाली, "रामरावजी, गादी बाहेर नाही येत. उन्हानं रबर मरते. झोपून पाह्याची असंल तं आत या."

गल्लीतली माणसं दारादारांतून बाहेर आली. रामराव बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. एवढ्यात त्यांच्या कमरेतून कळ आली असावी, कारण ओठ दाबून ते क्षणभर वाकलेच. मग चालत आले. दाराशी जोडा काढला, मान खाली घालून आत शिरले.

"उताने झोपा," पंचफुला म्हणाली. ते झोपले. "आता कुशीवर. नाही, दुसऱ्या. खांदा टेकते काय खाली?"

"नाही टेकत."

"कंबर?"

"थोडी टेकते वाटते."

"तुमी वजनाले भारी हा. तुमच्या तळाले अजून एक कडक थर लागन." तिनं त्यांच्या डोक्यापासून टाचेपर्यंत दोरी धरून माप घेतलं. रामराव सांगितलं तसं वळत होते, मुकाट्यानं. मग त्यांनी तुळसाबाईकडं पाहून विचारलं, "पानी मिळंल काय, बुढे?" तुळसाबाईनं गडवा दोनदा विसळून भरून आणला. त्यांनी पाणी घेतलं आणि तिथंच बसून सगळं प्यायलं.

ही पंचफुलेची पहिली ऑर्डर. दुसऱ्यासाठी केलेली पहिली गादी तयार झाली तेव्हा सबंध गल्ली ती बैलगाडीत घालायला धावली. पूनमसिंगनं गुंडाळी केली, गोविंदानं दोरी आवळली. पण रबर ते रबर. गाडी बाजाराच्या मधोमध पोचली आणि दोरी सुटली. गादीनं अंग झाडल्यासारखं केलं, गाडीच्या दोन्ही बाजूंनी सपकन उघडली आणि गाडीवानाला उचलून खाली उतरवलं. बैल बुजले, भाजीवाल्या किंचाळल्या, मग कोणीतरी हसलं आणि सारा बाजार हसायला लागला.

गाडीमागून चालत आलेली पंचफुला गादी धुळीत पडू नये म्हणून पदर खोचून धावत सुटली होती. मागून गोविंदा ओरडत होता, "अवं, हळू! दम लागंल तुले!" पण ती कधीच गाडीपाशी पोचली होती, आणि गादीच्या एका टोकावर बसून, हसत हसत, बाजारातल्या माणसांना दुसरं टोक धरायला सांगत होती.